आभार म्हणजे पुरे

थर्मास माझ्या काखेत, म्हणून क्रम मी ठरवते.
पहिला माते मूर्खाचा म्हणतात,
म्हणजे पाणी ओतणाऱ्याचा. तो कडू घोट माझा.
मग वाल्देमार, मग नीबिया,
मग एल्बिओ, जो दरवेळी नळी ढवळतो
आणि दरवेळी बोलणी खातो.

जुलै महिना. नदीवरून वारा असा येतोय
जणू पलीकडच्या अर्जेंटिनाचं दार
कुणीतरी उघडंच टाकून गेलंय.
धक्क्यावरच्या या बाकाला पाच फळ्या होत्या,
आता चार आहेत.
बाक दार्दोनं बसवला.
पाचवी फळी कुणी नेली ते विचारू नका.

"बत्तीस वर्षं," नीबिया म्हणते,
"आधी नगरपालिका, मग सेनेट,
आणि काल रेडिओवर निरोपाची सात मिनिटं."
"आठ," वाल्देमार म्हणतो.
तो दार्दोचा माणूस. त्याच्या फ्रिजवर अजून
पहिल्या निवडणुकीतलं चुंबक आहे.
फ्रिज दोनदा बदलला.

पुलाचं काय झालं?
पूल आला नाही, पुलाचा फलक आला.
फलकावर ओर्नेरोनं चिखलाचं घरटं बांधलं,
आणि फलक काढायची वेळ आली तेव्हा
पिल्लं उडेपर्यंत थांबा, असा दार्दोचा लेखी हुकूम आला.
आता हे जमेला धरायचं की खर्चाला
यावर अर्धा थर्मास संपला.

मध्येच गॅसचा सिलिंडर, त्याचा भाव.
मध्येच नीबियाचा गुडघा, जो पाऊस आदल्या दिवशी सांगतो
आणि डॉक्टरला काहीच सांगत नाही.
एल्बिओचा मुलगा फोन करतो, पण फक्त रविवारी,
आणि फक्त सामना संपल्यावर.
आमची टीम हरली की तोही नाही.

मी गप्प होते.
पूर ओसरल्यावर त्यानं आम्हाला टेकडीवर नेलं,
एकोणीस घरं, एका छापाची,
सगळी नदीकडे पाठ करून उभी.
आई मागच्या अंगणात, सिलिंडरशेजारी,
खुर्ची टाकून बसायची. थंडीतसुद्धा.
मी पत्र लिहिलं: मागच्या भिंतीला एक खिडकी हवी.
उत्तर नाही.
वर्षानं एक गवंडी आला, खिडकी घेऊन,
चौकट दोन बोटं लहान.
फटीत आम्ही वर्तमानपत्रं कोंबली,
त्यात बहुतेकदा त्याचाच फोटो असायचा.
आईनं शेवटची चार वर्षं
त्याच्या दुमडलेल्या हसण्याशेजारून नदी पाहिली.

त्याला मत? कधीच नाही, असं मी यांना सांगत आले.
एकदा पाकिटात त्याची यादी घातली होती.
हे इथे लिहितेय, बाकावर बोलले नाही.

"भाषण संपवताना काय म्हणाला ठाऊक आहे?"
वाल्देमारनं नाक पुसलं. "ग्रासियास म्हणाला. बस्स."
"मग झालं की," एल्बिओ म्हणाला.
आमच्यात माते परत देताना कुणी आभार मानत नाही.
मानले, की समजायचं: पोट भरलं,
आता मला वगळून पुढे द्या.
बत्तीस वर्षं भरभरून पिऊन
माणूस एवढंच म्हणाला होता.

तेवढ्यात तोच आला.
गाडी नाही, सोबतीला कुणी नाही,
हातात बेकरीची पिशवी,
पायात लोकरीचे मोजे आणि चपला.
काय हाक मारावी, कुणालाच कळेना.
साहेब म्हणावं तर कालपर्यंतचं,
नुसतं दार्दो म्हणावं तर शाळेनंतर कुणी म्हटलं नव्हतं.
मी भोपळा भरला आणि क्रम मोडून
आधी त्याच्यापुढे धरला.

तो बसला. नळीतून शेवटचा थेंब
खर्रकन ओढला, जसा ओढायचा असतो,
आणि काहीच न म्हणता भोपळा परत दिला.

मग बाकावरून तळहात फिरवत
त्यानं फळ्या मोजल्या. पुन्हा मोजल्या.
"पाचवी कुठे गेली?"

एल्बिओच्या हातात माते होता.
तो नळी ढवळत राहिला,
आणि या खेपेला त्याला कुणी बोललं नाही.